टिटवी आणि कोकरू

टॉन्टन, ९ फेब्रुवारी २०१०

तीर्थस्वरूप क्लेमदादास, धाकट्या हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझे कान टेलिफोनला दाद देत नाहीत म्हणून पत्राने कळवतेय, नाहीतर ओरडूनच सांगितलं असतं. मी विजेची किटली जिंकली! एक पौंड बारा पेन्सला! दुकानात तीच एकोणीस पौंडांना आहे. सूनबाईने दिलेल्या कॉम्प्युटरवर एक लिलावाची साइट आहे. एकेका बोलीने किंमत फक्त एक पेनी वाढते आणि घड्याळ पुन्हा वीस सेकंदांवर जातं. वीस सेकंद कुणीच काही बोललं नाही, की शेवटच्या बोलीवाल्याची वस्तू. बोल्या आधी विकत घेऊन ठेवायच्या असतात, पन्नास पेन्सला एक, पण ते किरकोळ.

आता खरी बातमी. आमच्या प्रार्थनाघरातल्या, चॅपलमधल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी खाल्ला. गाणं नसलं तर आम्ही मेथडिस्ट पंथाचे कसले! विजेवरचा नवा पियानो चारशे पौंडांना येतो. सभेत कुणीतरी म्हणालं, सोडत काढू या, तिकिटं खपतील. तुला माझं ठाऊकच आहे. चाळीस वर्षांत मी सोडतीचं एक तिकीट घेतलेलं नाही, आणि एका ख्रिसमसला फुकट हातात कोंबलेल्या तिकिटावर हॅम लागलं तेही परत केलं. (तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास.) मी ताडकन उभी राहिले आणि सांगून टाकलं, की चॅपलमध्ये जुगार शिरणार नाही, ईस्टरपर्यंत पियानो मी आणून देईन. त्या साइटवर पियानोही येतात.

आणि हा जुगार नव्हे हं, लिलाव आहे. दर मार्चमध्ये इंचभर मेणबत्ती लावून गावचं कुरण भाड्याने देणारा तू, ज्योत विझताना शेवटची बोली ज्याची त्याला कुरण देणारा तू. माझ्याकडे मेणबत्तीऐवजी घड्याळ आहे, इतकाच फरक.

मफलर घालत जा, आणि माझ्यावरची माया उन्हाळ्यापर्यंत तरी टिकव.

तुझी,
हेस्टर


हॅझलकोम, १५ फेब्रुवारी २०१०

चि. हेस्टर हिस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

किटलीबद्दल अभिनंदन! गुत्त्यात सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हॅमच्या भागाला चांगला हशा पिकला. फक्त नेड स्पॅरोने मध्येच विचारलं, की एक पौंड बारा पेन्स म्हणजे एकशे बारा बोल्या झाल्या, त्यातल्या तुझ्या बहिणीच्या किती? मला सांगता येईना. नेड म्हणजे मेंढ्या मोजून मोजून डोकं बिघडलेला माणूस, पण विचारलंन् ते बरोबर. तेव्हा कळव.

तुला वाईट वाटेल म्हणून हळूच लिहितो. मी दर शनिवारी घोड्यावर दोन पौंड लावतो. लावताना जुगार म्हणून लावतो आणि हरलो की जुगारात हरलो असं म्हणतो. तुमच्या मंडळींना माझ्या आत्म्याची काळजी वाटते, ती वाटू दे. पण तुझ्या त्या साइटवर किटली मिळाली एकाला आणि पन्नास-पन्नास पेन्स गेले सगळ्यांचे. माझ्या मेणबत्तीत हरलेला माणूस खिशातला पैसा खिशात ठेवून उठतो. विचार कर जरा, चॅपलवाले!

किटलीत चहा बरा होतो ना? बोल्यांचा आकडा विसरू नकोस.

तुझा कटकट्या दादा,
क्लेमंट


टॉन्टन, १ मार्च २०१०

ती. स्व. दादास, हेस्टरचा सा. न.

चहा उत्तम होतो. नेड स्पॅरोला म्हणावं, मेंढ्या मोज.

परवा शनिवारी पियानो आला होता. मी दुपारी दोनला बसले. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं असतं, माझं ‘कोकरू’. एकेक जण गळत गेला आणि शेवटी दोघंच उरलो, मी आणि कुणी ‘टिटवी’. मी बोली लावली की पाच सेकंदांत टिटवी हजर. मी दमले नाही आणि ती मेलीही दमेना. पाच वाजता माझ्या बोल्या संपल्या आणि पियानो टिटवी घेऊन गेली, अठरा पौंड चाळीस पेन्सला. तोवर ओव्हनमध्ये सारण भरलेल्या पाईचा कोळसा झाला होता. शेजारी धूर बघून आले.

तू जुगार-जुगार करतोस, पण मला सांग, दारातून वारा आला आणि तुझी ज्योत विझली तर ते नशीब नव्हे? ज्याच्या बोलीवर वारा आला त्याचं कुरण! मग गावाने तीनशे वर्षं जुगार खेळला म्हणायचं का? उत्तर दे.

मी हरलेली नाही. ईस्टरला अजून महिना आहे, आणखी पियानो येतील.

घाईत आहे, राग नाही. मायेत कमीजास्त करू नकोस.

हेस्टर


हॅझलकोम, ४ मार्च २०१०

चि. हेस्टर हिस, अनेक आशीर्वाद.

वाऱ्याचं म्हणशील तर खरं आहे, थोडं नशीब आमच्यातही असतं. मंगळवारीच लिलाव झाला. ज्योत थरथरायला लागली, सगळे श्वास रोखून बसले, आणि नेडची बोली संपते न संपते तोच ती विझली. कुरण नेडचं. दुसरा बोलीवाला रूपर्ट कोलेज हरला, म्हणून काय केलंन्? नेडच्या पैशाने पाव, चीज, ओढ्यातली पालेभाजी आणि सफरचंदाची तीन ग्लास सायडर चापून घरी गेला. आमच्याकडे रीतच आहे ती, जिंकलेल्याने हरलेल्यांना जेवू घालायचं. तू लहानपणी टेबलाखाली बसून चीज खायचीस, आठवतं? टिटवीने तुला काय खाऊ घातलं?

आणि दुसरं. माझी मेणबत्ती एकदाच जळते. तुझी दर बोलीला पुन्हा उंच होते, आणि ती उंच करायला मेण तूच विकत घेतेस. अशी मेणबत्ती मी लावली असती तर गावाने मला ओढ्यात बुचकळलं असतं.

सोबत मंगळवारच्या मेणबत्त्यांच्या पेटीत उरलेला इंचभर तुकडा पाठवतो. कॉम्प्युटरसमोर बसशील तेव्हा लाव. विझला की ऊठ.

अडीच आठवडे झाले, आकडा आला नाही. थट्टा पुरे झाली हेस्टर, आता मला खरंच काळजी वाटतेय. जूनमध्ये समुद्रावर जाऊ तेव्हा तोंडी सांगितलास तरी चालेल.

तुझा,
दादा


टॉन्टन, १५ मार्च २०१०

ती. स्व. दादास,

भर दुपारी तुझा मेणबत्तीचा तुकडा लावून बसलेय. तो विझायच्या आत सगळं लिहायचं असं ठरवलंय.

काल मदरिंग संडे, म्हणजे आयांचा रविवार होता. प्रार्थना झाल्यावर डोर्कस पडीबाई उठल्या. आमच्या चॅपलची फुलं सजवणाऱ्या त्या, सोडतीच्या विरोधात माझ्या शेजारी हात वर करणाऱ्या एकट्याच. म्हणाल्या, की हेस्टरवर सगळा भार नको म्हणून गुपचूप एक पियानो त्यांनीही मिळवलाय, अवघ्या अठरा पौंड चाळीस पेन्सला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हसत-हसत म्हणाल्या, की एक कोकरू नावाचं हटवादी माणूस तीन तास पिच्छा सोडत नव्हतं, कुणी अट्टल जुगारी असणार, देव त्याला क्षमा करो.

दादा, टिटवी म्हणजे पडीबाई! सगळे पडीबाईंकडे बघत होते, गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. टाळ्या चालू होत्या आणि मला तू विचारलेला आकडा आठवत होता. काहीही स्वस्त घेतलं तर आकडा मी विचारायच्या आत सांगते. हातमोजे, बटाटे, पडदे, सगळ्यांचा आकडा तुला पाठ आहे. ह्याचा तू तीनदा विचारलास आणि मी तीनदा पान उलटलं. मला दुसरा कुठला पुरावा नको. जे मला तुला सांगता येईना तो जुगारच.

तेव्हा उभी राहिले आणि म्हणाले, की कोकरू मी आहे. किटलीसाठी त्रेसष्ट बोल्या, म्हणजे साडेएकतीस पौंड. पियानोसाठी सहाशे, म्हणजे तीनशे पौंड. सोडतीवाल्यांना मी पापी समजत होते, त्यांची माफी मागितली. पडीबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या किती झाल्या ते कुणी विचारलं नाही. त्यांनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. त्या शनिवारी मी अडून बसले नसते तर त्यांना पियानो कितीतरी आधी मिळाला असता. त्यांना खर्चात घातलं मी, मला घातलं त्यांनी, आणि दोघी जुगार टाळत होतो!

ते तीनशे पौंड आपल्या जूनच्या समुद्रासाठी साठवलेले होते. मला फार लाज वाटते रे. साइटवरचं नाव मी काढून टाकलंय. सोडतीचं तिकीट मात्र मी अजूनही घेणार नाही, फक्त घेणाऱ्याकडे नाक वर करून बघणार नाही.

विझली.

तुझी वेडी,
हेस्टर


हॅझलकोम, १८ मार्च २०१०

चि. हेस्टर हिस, पोटभर आशीर्वाद.

समुद्र कुठे पळून जात नाही. जूनमध्ये तू इकडे ये, ओढ्यात पाय सोडून बसू. बादलीभर मीठ टाकीन हवं तर.

मी बहात्तर वर्षांचा झालो. कुरणाच्या लिलावात पुष्कळ धीट माणसं पाहिली, पण टाळ्या चालू असताना उभं राहून स्वतःचा आकडा सांगणारं एकही नाही पाहिलं. मला तुझा अभिमान वाटतो. हे पत्र गुत्त्यात वाचलं नाही आणि वाचणारही नाही. नेडला फक्त त्रेसष्ट सांगितलं. त्याचा अंदाज साठ होता, फार फुगलाय.

पडीबाईंचा पत्ता सोबतच्या कोऱ्या पाकिटावर लिहून परतीच्या टपालाने धाड. कशाला ते विचारू नकोस.

दादा


टॉन्टन, ६ एप्रिल २०१०

ती. स्व. लबाड दादास, सा. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दाराशी डोर्कस पडीबाई उभ्या. हातात झाकलेली परात, डोळे लाल. म्हणाल्या, की हॅझलकोमहून कुणा मेणबत्तीवाल्या गृहस्थाचं कडक पत्र आलंय, लिलावात जिंकलेल्याने हरलेल्याला जेवू घालायची तिकडे तीनशे वर्षांची रीत आहे, आणि टिटवीकडे कोकराचं एक जेवण बाकी आहे. परातीत मटण भरलेली पाई, पाव आणि चीजचा मोठा तुकडा होता. अर्धं जेवण झाल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला आणि न विचारता सांगितलं: सातशे चाळीस. मग आम्ही दोघी रडलो, आणि नंतर इतक्या हसलो की शेजारी पुन्हा धूर आहे का बघायला आले.

ईस्टरला पियानो वाजला. त्या वाजवत होत्या, पानं मी उलटली. तुला ऐकू आलं नसतं, पण आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, त्या दिसल्या असत्या.

जूनमध्ये येतेच, मीठ तयार ठेव. ओढ्यासाठी रबरी बूट घेतले, साडेचार पौंड. बघ, विचारायच्या आत सांगितलं.

तुझीच,
हेस्टर