कोळशाचा भिजलेला डबा

बुलढाणा, मंगळवार

प्रिय मेहबूब,

तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, आणि बरोबर करतोस. म्हणून कागद घेतला. आधी गाडीचं सांगतो, कारण सगळी घाण तिथूनच निघाली.

तू दोनदा विझवून दिलेला इंजिनचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला, तेव्हा मी तुझ्याकडे आलो नाही. सरळ बीबी गावच्या सभेत उभा राहिलो. विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. उदाहरण हवं होतं, तुझं दिलं: गिऱ्हाईक परत यावं म्हणून मेहबूब मिस्त्री बिघाड अर्धाच काढतो. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तुझ्या गॅरेजसमोर गाड्या थांबत नाहीत, हे तुझ्या शेजारच्या टपरीवाल्या कडूबाने मला कळवलं. तरीही मला वाटलं, भोगू दे.

रविवारी बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र घेऊन अंगणात बसलो, तुझी लबाडी पुराव्यानिशी पकडायला. यंत्राने दाखवलं, पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत दोष. टाकीचं झाकण पाहिलं, रबर शाबूत. नळ्या चाचपल्या, कुठे चीर नाही. तू बसवलेला इंजिनजवळचा छोटा व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहिला. बंद असताना त्यातून हवा जायला नको, आणि ती अडत होती, म्हणजे ठणठणीत. उरला टाकीजवळचा, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा. त्यात फक्त वाफ जायला हवी. तो हाताला जड लागला, आणि तिरपा करताच पेट्रोल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तुझी छायावहिनी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "मेहबूबभाऊ किती डाव सांगत होते, पंपाची नळी खट्कन बंद झाली का थांबत जा. तुम्ही तं गाडी हलवू हलवू गळ्यापावतर भरता. आता कोनाले शिव्या देता?"

खरं आहे. दूरच्या सभा, वाटेत पंप नाही, ही माझी सबब. नळी बंद पडल्यावरही मी गाडीला कंबर लावून हलवतो, बुडबुडे निघाले की आणखी भरून घेतो. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या वाटेने डब्यात शिरत होतं. दोन्ही वेळा तू हेच सांगितलंस, आणि मला तो बहाणा वाटला.

हाताचा वास साबणाने गेला. स्वतःची किळस जात नाही. कारण चूक एवढीच नव्हती. मी बोललो एका मिस्त्रीबद्दल, मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हे लोक असेच." मी ते स्पष्ट ऐकलं. माईक माझ्या हातात होता. ज्या वृत्तीविरुद्ध मी जन्मभर घसा फोडला ती समोर उभी राहिली, आणि मी पुढच्या वाक्याला गेलो, कारण सभा रंगली होती. टाळ्यांची भूक इतकी गलिच्छ असते, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

येत्या शुक्रवारी बीबीत पुन्हा बोलायचं आहे. त्याच मंचावरून माझा खोटेपणा सांगेन, आणि त्या आवाजाला द्यायचं राहिलेलं उत्तरही देईन. पण त्यासाठी तुझं नाव घ्यावं लागेल. मागच्या वेळी ते मी तुला न विचारता घेतलं. या वेळी विचारतोय. नको असेल तर तसा निरोप कडूबाकडे ठेव.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुझाच,
देवानंद