मुंगीने खोकं केवढं घ्यावं

ती. दादा,

तुम्हाला आणि वहिनींना धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की डॉक्टरांनी जिना बंद केलाय. (म्हणजे तुमचा चढउतार बंद केलाय, हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. पहिला दिवस मी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला शिव्या देण्यात घालवला.) माझं ठीक चाललंय. पाठ सोडली तर. झोप सोडली तर. आणि डाव्या हाताला मुंग्या येतात ते सोडलं तर. म्हणजे फारसं काही उरत नाही, पण उरलंय ते ठीक आहे.

फोन का केला नाही, असं म्हणाल. सामान हलवण्याच्या धंद्यात चाळीस वर्षं जिन्यातून ‘डावीकडे घे, डावीकडे!’ असं ओरडण्यात गेली. तो गळा आता लहान होत नाही. मी फोनवर बोललो की अख्ख्या इमारतीला कळतं, आणि हा विषय नातीच्या कानावर जायला नको. शाळा चौथीत सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तर विचारायचं ते असं. तुम्ही पस्तीस वर्षं सभागृहात आवाजाची बटणं सांभाळलीत. चार जणांच्या संचात बेस गिटार वाजवणाऱ्या मुलीने कार्यक्रमाला अँप्लिफायर केवढा न्यावा? मोठा की लहान? ‘मोठा’ असं उत्तर आलं तर बरं होईल, पण तुम्ही तुमच्या मताने सांगा.

आपल्या मुंगीचंच चाललंय हे. लेक-जावई नोकरीपायी दूर, म्हणून ही नात कॉलेजपासून माझ्याकडे. आता चोवीस वर्षांची झाली, पण उंचीने वय मनावर घेतलेलं नाही. तिच्या संचातला ढोल बडवणारा टोपीवाला तिला विचारतो, ‘मुंगे, तू गिटार वाजवतेस की गिटार तुला?’ आणि एवढ्या चणीच्या मुलीचं खोकं केवढं, तर आत आठ स्पीकर, उंची माझ्या छातीपर्यंत, वजन बासष्ट किलो. (पेटी म्हटलं की तुम्हाला बाजाची पेटी वाटेल, म्हणून मी खोकं म्हणतो. संचातले लोक त्याला ‘कपाट’ म्हणतात.)

ते कपाट गेली दोन वर्षं मी उचलतोय. ही, मुंगीची आजी, गेली त्यानंतर मी कसा होतो हे तुम्ही पाहिलंतच. तुम्ही आणि वहिनी परत गेलात आणि मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसलो. भिंतीत पाहण्यासारखं काही नव्हतं, पण बाकी खोलीत जिकडे तिकडे हीच होती. एक दिवस मुंगी दारात उभी राहून म्हणाली, ‘आजोबा, एक कोपरा धरता का?’ मी धरला. चार मजले उतरलो, टेम्पोत बसलो, कुठल्याशा हॉटेलात मागच्या दाराने शिरलो, आणि कार्यक्रम होईपर्यंत खोक्याशेजारी स्टुलावर बसलो. तेव्हापासून दर आठवड्याला एकदा-दोनदा हेच. तिथे मला सगळे ओळखतात. टोपीवाला तर माझा परिचय ‘आमचे अवजड उद्योगमंत्री’ असा करून देतो.

बेस हे वाद्य मला पटलं, दादा. जिन्यावरून कपाट उतरवताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं, आणि शाबासकी वर उभं राहून सूचना देणाऱ्याला. बेसचंही तसंच. लोक गाणाऱ्याकडे बघतात. पण बेस थांबला की सगळ्यांना एकदम काहीतरी निसटल्यासारखं वाटतं, आणि काय निसटलं ते सांगता येत नाही.

तर दीड महिन्यापूर्वी माझ्या पाठीत चमक भरली. मी ती लपवली, पण वाकलेला माणूस लपत नाही. मुंगी म्हणाली, आता हलका अँप्लिफायर घेऊ. तशी तर ती माझ्यावर कुरकुर करत नाही, पण एकदा म्हणाली की म्हणाली. आम्ही दुकानात गेलो. दुकानदार केसांची वेणी घालणारा, पण माणूस जाणता. त्याने मला विचारलं, ‘काका, किती वॉट लागतील?’ मला ऐकू आलं ‘वाट’. मी म्हटलं, ‘गर्दी नसेल तर वीस मिनिटं.’ मुंगी हसता हसता खाली बसली. पुढे त्याने समजावलं की खालच्या सुरांना ताकद जास्त लागते, वरचे सूर थोडक्यात भागवतात. आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम कळण्याइतका वाढतो. हे मला लगेच पटलं. हिच्याशी भांडताना मी दुप्पट जोर लावायचो आणि फरक तेवढाच पडायचा.

मग निघाला ओहम नावाचा प्रकार. ओहम म्हणजे म्हणे विजेला होणारा अडथळा. एक लहान खोकं आठ ओहमचं. तसलंच दुसरं जोडलं तर किती? आठ आणि आठ सोळा, एवढी माझी चौथी झालेली आहे. तर तो म्हणाला, चार! मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. तो म्हणाला, ‘काका, शेजारीशेजारी जोडले की वीज दोघांत वाटून जाते, म्हणून अडथळा निम्मा होतो.’ घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहून यावर विचार केला. खरं असेल ते. ही होती तोवर घर चाललं कसं, हे मला कधी कळलंच नाही. आता मी पुरता आठ आहे, दादा. साधी पिशवी आणायला निघालो तरी दहा वेळा परत येतो.

पण त्या वेळी दुकानात मला त्या हिशेबाचा आनंद झाला. मी म्हटलं, ‘मग दोन घेऊ! एक तुझ्या हातात, एक माझ्या.’ मुंगी म्हणाली, ‘एकच पुरे, आजोबा. हॉलमध्ये त्यांची आवाजाची व्यवस्था असतेच.’ वेणीवाल्याने एक लहान खोकं आणि वर ठेवायचा अँप्लिफायर पंधरा दिवस वापरून बघायला दिला. दोन्ही मिळून चौदा किलो. अँप्लिफायर तर शाळेच्या दप्तराएवढा. माझी आयुष्यभराची कला त्या दप्तरात मावली.

आता लपवण्यात अर्थ नाही. वरचे सूर, खालचे सूर हे सगळं खरं आहे, पण माझी काळजी ती नाहीच. खोकं लहान झालं तर मला कोण नेणार? मुंगी म्हणते, ‘तुम्ही नुसते ऐकायला या की.’ नुसतं ऐकायला पाहुणे जातात. मी कामाला जात होतो.

पुढचं वाचताना वहिनी जवळ असतील तर पत्र जरा बाजूला घ्या.

वेणीवाल्याने अँप्लिफायरच्या पाठीमागे एक बारीक बटण दाखवलं होतं. लहान खोलीत आवाज फार घुमला तर ते दाबायचं, मग खालचे सूर कापले जातात. मुंगी तेव्हा पलीकडे दुसरं गिटार बघत होती. ऐकलं ते मी एकट्याने.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी एका वाचनालयाच्या अंगणात कार्यक्रम होता. दर शनिवारी वाजवायला एक संच कायमचा ठेवायचा, म्हणून तिथल्या व्यवस्थापक बाई ऐकायला येणार होत्या. मुंगी तीन आठवडे तयारी करत होती. उघड्यावर, लहान खोकं घेऊन, पहिल्यांदाच. मला वाटलं, आज आवाज कमी पडला तर पोरगी आपणहून म्हणेल, ‘आजोबा, आपलं कपाटच बरं.’ तारा जोडायला मी मागे वाकलो होतो. बोट त्या बटणावर गेलं. गेलं म्हणजे मी नेलं.

दादा, ढोल ऐकू येत होता, गाणं ऐकू येत होतं, आणि मुंगीचं गिटार म्हणजे डबीत अडकलेली माशी. ती वाकून समोरची बटणं फिरवत होती, पुन्हा वाजवत होती, माझ्याकडे बघत होती. मी हातानेच ‘छान, छान’ असं सांगत होतो. एवढी निर्लज्ज खूण मी उभ्या जन्मात केलेली नाही. नंतर बाई टोपीवाल्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. तो येऊन म्हणाला, ‘मुंगे, आज झालं काय तुला? बाई म्हणतात, बेसवाली बदलणार असाल तर बोलू.’

मला वाटलं होतं ती खोक्यावर खापर फोडेल. पोरीने ते स्वतःच्या बोटांवर फोडलं. टेम्पोत बसून बोटं बघत म्हणाली, ‘इतकी वर्षं कपाटाच्या जोरावर वाजवलं, आजोबा. माझ्या हातात दमच नाही.’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बटणाचं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर ‘पाणी हवं का?’

आज नऊ दिवस झाले. गिटार कपाटामागे उभं आहे (खऱ्या कपाटामागे). संचाला तिने सांगितलंय की दुसरं कुणी बघा, आणि परवापर्यंत ते बघतील. तिचं जेवण वेळेवर होतं, माझ्या गोळ्या ती वेळेवर देते, आणि घरात इतकं शांत आहे की मी पुन्हा खुर्ची वळवून बसेन अशी मला भीती वाटते. अँप्लिफायर कोपऱ्यात पडून आहे. बटण अजून दाबलेलंच आहे. त्याला हात लावायचं धाडस होत नाही.

प्रकृतीला जपा. वहिनींना गरम पाण्याची वाफ घ्यायला सांगा.

तुमचा,
धाकटा

ता. क. : मोठा की लहान हे तुम्ही कळवू नका, तो प्रश्न नुसता सुरुवातीला लिहिला. खरं काम वेगळं आहे. तुम्ही मुंगीला फोन करा आणि सांगा की या जातीच्या अँप्लिफायरना ऊन लागलं की खालचे सूर जातात, तुमच्या सभागृहात असं कितीदा झालंय. तुमचा शब्द ती मानते. असं खरंच होत नसेल तरी सांगा. माझं नाव घेऊ नका. लहानपणी मी तुमच्यासाठी एकदा गुरुजींशी खोटं बोललो होतो. (तुम्हाला आठवत नसेल. मार मला पडला होता.)

दुसरा ता. क. : वहिनी, तुम्ही पत्रं आधी वाचता हे मला माहीत आहे. दादा खोटं बोलायला तयार झाले नाहीत तर तुम्ही फोन करा.

तिसरा ता. क. : कुणीच फोन करू नका. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तर मुंगी म्हणाली, ‘एवढं लांबलचक कुणाला लिहिलंत?’ बोलायला जमेना, म्हणून कागदच तिच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले. आजीबद्दल लिहिलंय त्या पानावर जरा थांबली. शेवटी एवढंच विचारलं, ‘कुठलं बटण?’ मी दाखवलं. तिने ते सोडवलं, गिटार काढलं आणि सगळ्यात जाड तार एकदाच वाजवली. खिडकीची काच थरथरली. मी रडलो. ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. टोपीवाल्याला फोन करून ‘बाईंना परत ऐकायला बोलाव, मी येतेय’ म्हणाली, पाठीवर गिटार घेतलं, खांद्याला दप्तर अडकवलं, एका हाताने खोकं उचललं. मी सवयीने उठलो. ‘राहू द्या, आजोबा,’ म्हणाली.

तेव्हा लहानच बरोबर आहे, दादा. मी वर कठड्याशी उभा राहून ऐकत होतो. चार मजले उतरली, एकाही वळणावर खोकं भिंतीला लागलं नाही.