‘मी इथे उभी आहे’ या वाक्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने टोपल्या विणणारी, डोंगरातले आमचे सगळे लोक जिला ‘आत्या’ म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरने दिला आहे. माझी स्वतःची तितकी खात्री नाही.

१. राहती खोली व कोयता वहिनीला. कोयत्याची मूठ सैल आहे. ती सैल कोणी केली हे वहिनीला चांगलं ठाऊक आहे.

२. मोबाइल, त्याची तिपाई आणि आमच्या भाषेतला चॅनल भाचीला. आमच्यात जागेबद्दल बोलायचं तर त्या जागी जायचं, आधी ‘मी इथे उभी आहे’ म्हणायचं, मग बाकीचं. चॅनलवरही मी तेच केलं. आमच्या झऱ्याच्या घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून बोलले, ते लाखभर लोकांनी पाहिलं, आणि झरा आटला म्हणणाऱ्या खाणकंपनीची बोलती बंद झाली.

३. मी अंथरूण धरलं तेव्हा भाचीने संगणकाला माझा आवाज शिकवला. म्हणाली, “आत्या, तू पडून राहा, चॅनल बंद पडायला नको.” तो आवाज खोलीतून बोलला, “मी इथे उभी आहे.” आणि मी गोधडीत! आता झऱ्याच्या खटल्यात कंपनीचा वकील कोर्टात विचारतो, यातली खरी बाई कोणती? वहिनी म्हणते, “काही म्हणा, ती तुमच्यापेक्षा नीट बोलते.”

भाचीला फैलावर घेणार होते. पण त्या आवाजाने झऱ्यासाठी माझ्या आईचा एक शब्द वापरला. मी तो पार विसरले होते. माझ्याच जुन्या व्हिडिओत होता म्हणे. मी ढसाढसा रडले. मग हा आवाज माझा, आईचा, की संगणकाचा? मला खरंच कळत नाही. जे आपलं आहे की नाही तेच ठाऊक नाही, ते द्यायचं कसं?

४. तरी देते. त्या आवाजाने पोरांना भाषा शिकवावी. आधी ‘हा यंत्राचा आवाज आहे’ एवढं सांगावं. झऱ्याबद्दल त्याने खोलीतून केलेले व्हिडिओ काढून टाकावेत. ‘मी इथे उभी आहे’ हे वाक्य मात्र त्याला नाही. ते फक्त भाचीला. तिने पाण्यात उतरून स्वतःच्या तोंडाने म्हणावं. “माझं कोण ऐकणार?” ही सबब चालणार नाही. सुरुवातीला मलाही कुत्रं विचारत नव्हतं.

साक्षीदार: गावची सुईण, मोबाइल दुरुस्तीवाला.
तारीख: ९ मार्च.
ठिकाण: झरा. दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं.

सही: आत्या
उभी नाही, बसले आहे. पाय पाण्यात आहेत.