दुसरा घास

देब्रे मार्कोस,
२० सप्टेंबर २००९

चि. हिरूत हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पाऊस थांबला तरी इथला फोन अजून रुसलेला आहे. म्हणून भूल देणारे आमचे डॉक्टर घरी निघाले आहेत त्यांच्याच हाती हे पत्र देते. मी ठणठणीत आहे. दिवसभर लोकांचे मोतीबिंदू काढते, संध्याकाळी इथली नर्स त्सेदाले कॉफीच्या तीन फेऱ्या पाजते, मग झोप उडते आणि तुम्ही दोघं आठवता. धाकटा नतनाएल बाबांना छळत असणारच. त्याला माझ्या वाटचा एक धपाटा दे, पण हळू.

आता खरी बातमी. दर वर्षी सेवेला कधी नेपाळ, कधी पेरू अशी जाणारी मी यंदा हट्टानं तुमच्या जन्मगावाजवळचं हेच इस्पितळ का मागून घेतलं, ते तू ओळखलं असशील. तुझी आजी भेटली. एमामा झेनेबेच. त्सेदालेला दुभाषी म्हणून घेऊन त्यांच्या गावी गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकलाय, माणूस आवाजावरून ओळखतात. तरी कॉफी स्वतः कांडतात आणि सुनेला कामावरून बोलतात.

मी कोण ते सांगितल्यावर आधी बराच वेळ माझे हात चाचपले. मग इंजेराच्या आंबट धिरड्यात शिरोचं पिठलं गुंडाळून भला मोठा घास स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात भरवला. बाबांच्या मुठीएवढा, नि तिखटजाळ! डोळ्यांत पाणी आलं. दुसरा पुढे आला तेव्हा मी तोंडावर हात ठेवून पोट भरलं म्हटलं. एमामांनी तो घास परत ताटात ठेवला. पुढे ऑपरेशनचं काढलं, तर म्हणाल्या, राहू दे गं बाई, बघायचं ते सगळं बघून झालंय माझं. माझं काय चुकलं ते त्सेदालेही सांगेना, नुसती छताकडे बघते. तुला कळलं तर लगेच लिही.
नव्या शाळेत रमलीस ना? माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, जास्त झाली तरी हरकत नाही.
तुझी आई


डुलुथ,
२ ऑक्टोबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि. आई, धन्य आहेस! अगं, एका घासावर थांबलीस? आमच्याकडे एकच घास म्हणजे भांडण. दुसऱ्यानं ते मिटतं, तिसऱ्यानं गोडी होते. तू भरल्या घरात एमामांना तोंडावर सांगितलंस की तुमचं आमचं जमायचं नाही! जग हिंडून डोळे नीट करतेस आणि समोरच्या म्हातारीचा चेहरा तुला वाचता येत नाही. उद्याच्या उद्या परत जा आणि तिखट लागलं तरी खा.

तुला हे ठाऊक नव्हतं, कारण आपल्या घरात मी कधी कुणाला भरवलं नाही आणि कुणाला भरवू दिलं नाही. का, ते आज लिहिते. आम्हाला दत्तक म्हणून न्यायला गाडी आली त्या सकाळी एमामांनी मला जवळ बसवलं, एकच घास दिला, हात पुसला आणि आत निघून गेल्या. मी तोंड उघडंच ठेवलं होतं. नतनाएल कडेवरचा, त्याला काय कळणार! मी सात वर्षांची होते, मला एका घासाचा अर्थ कळत होता. आमचे जन्मदाते आई-बाबा वारल्यावर आम्ही एमामांना जड झालो आणि त्यांनी आम्हाला तोडून टाकलं, असं मी आजवर समजत आले. आई, हे त्यांना विचार. खरंच तसं असेल तर डोळे मात्र नीट कर आणि मला काही सांगू नकोस.

बाबांनी इंजेरा केली होती. तव्यावरून खरवडून काढावी लागली. नतनाएलनं तीन खाल्ल्या, त्याला काहीही चालतं.
तुझ्यावर चिडले आहे, पण तुझीच आहे हे विसरू नकोस.
हिरूत


देब्रे मार्कोस,
१५ ऑक्टोबर

चि. हिरूत हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळालं त्याच दुपारी गेले. दारातच गुडघ्यांवर बसले आणि तोंड उघडलं. सून हसत सुटली, पण एमामांनी शांतपणे हात धुतले आणि दुसरा घास दिला, तिसरा दिला. चौथाही दिला, तो बहुतेक शिक्षा म्हणून.

मग मी विचारलं. त्यांनी आधी हात पुसले. मग म्हणाल्या, पोरीला आठवतंय होय! म्हणाल्या, घरात दाणा नव्हता, मुलांना पाठवलं नसतं तर पोरं हातची गेली असती. पण दुसरा घास दिला असता तर निरोप पुरा झाला असता. तो मी द्यायचाच ठेवला. भांडण राहिलं तर राहू दे म्हटलं, भांडायला तरी पोर परत येईल. हात पुसून आत गेले ते तिनं मला रडताना बघू नये म्हणून.
हिरूत, मी तिथं ढसाढसा रडले. इथले लोक आता मला फार हळवी डॉक्टर समजतात.

रडून झाल्यावर मी त्यांना ठणकावलं की या डोळ्यांनी तुम्ही घास द्याल तो पोरीच्या नाकात जाईल, मग भांडण कसं मिटायचं? त्या पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या खेचरावर बसून इस्पितळात हजर! उजवा डोळा केला. पट्टी काढल्यावर आधी मला नीट न्याहाळून म्हणाल्या, आवाजावरून तरणी वाटली होतीस. मग तुमचा दोघांचा फोटो दाखवला. नतनाएलवर खूश झाल्या. तुझ्या तोंडावरून बोट फिरवत म्हणाल्या, वाळलीय पोर, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली.
डावा डोळा पुढच्या आठवड्यात. काय ठरवतेस ते तुझं तू ठरव, घाई नाही. दोघांनाही जवळ घेते.
तुझी आई


डुलुथ,
२७ ऑक्टोबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र मी तीनदा वाचलं, मग बाबांना वाचून दाखवलं. रात्रीच्या जेवणाला मी नतनाएलला घास भरवला. त्यानं आधी वास घेऊन बघितला. मग बाबांना भरवला. दोघांनाही तीन तीन.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघंही येतोय. भांडायला म्हणून येतेय मी, हे एमामांना आधीच सांगून ठेव. आणि म्हणावं, हात धुऊन बसा.
तुम्हा दोघींची,
हिरूत