वासरांना शाळेत पाठवा

प्रिय रसेल,

तुझ्या बडतर्फीवर सोमवारी संध्याकाळी मतदान होणार, हे आता नक्की झालं. ऑफिसातल्या डार्लाने आज दुपारी स्वतः सांगितलं. शाळा मंडळाची विषयपत्रिका तीच टाइप करते, त्यामुळे ही अफवा नाही. म्हणाली, "बाई, पाचही मेंबर येणार आहेत. मक्याच्या कापणीत पाचही जण आलेले कधी पाहिलेत?" आणि मला पेपरमिंटची गोळी दिली, जणू नोकरी माझीच जाणार आहे.

गावाचा राग अजून उतरलेला नाही. काल पशुखाद्याच्या दुकानात ऑस्ट्रँडरने मला गाठलं. "काय व्हर्नाबाई, तुमच्या केमिस्ट्रीच्या मास्तरांना विचारून ठेवा, माझ्या पोराला पौंडाला किती डॉलर येतील?" सगळे हसले, तो नाही हसला. जत्रेच्या आठवड्यात तुझा निम्मा वर्ग गुरांच्या लिलावाला गेला, त्याचा संताप मला समजतो. ही माणसं बैलाला शाम्पू लावतात, ड्रायरने वाळवतात, शेपटीचे केस विंचरतात आणि पोराची परीक्षा कधी आहे ते त्यांना ठाऊक नसतं, हेही खरं. पण "वासरांना शाळेत पाठवा आणि पोरांना लिलावात उभं करा, भाव वासरांनाच जास्त येईल" हे फेसबुकवर लिहायची काय गरज होती? ऑस्ट्रँडरचा मुलगा तीन वेळा नापास झालाय, रसेल. ते वाक्य त्याने बापाच्या शेजारी बसून वाचलं.

आपण एकत्र होतो तेव्हा तू काहीही लिहिलंस की आधी मला वाचून दाखवायचास. मी भांडी घासत ऐकायचे आणि ओला हात वर केला की तू ती ओळ काढायचास, कुरकुरत का होईना. ही ओळ मी पाहिली असती तर काढायला लावली असती. तुझ्या कोरिनने ती लाइक केली. सगळ्यांत आधी. मी वेळ पाहिली, लपवत नाही.

तुझा तपकिरी कोट आता ती घालते. बाह्या दुमडून, चित्रकला शिकवताना, रंगाने माखलेले हात त्याच्याच खिशात घालते. तो कोट ओमाहाला माझ्याबरोबर घेतलेला. तेव्हा तू म्हणाला होतास, फार महाग आहे, आणि मी म्हटलं होतं, जन्मभर टिकेल. टिकलाय की.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या तासाला मी निबंध शिकवत होते. मैदानावरून तुझ्या नावाचा गजर आला आणि माझा वर्ग उठला. वह्या उघड्या टाकून, मला न विचारता, खिडकीजवळची बुजरी मुलगीसुद्धा. दोघं मागे राहिले, त्यांतला एक झोपला होता. मी खिडकीतून पाहिलं. कोरिन बाकावर उभी होती, तुझा कोट अंगात, आणि पोरं तुझा चेहरा छापलेले शर्ट घालून तिच्याभोवती. खरं सांगू? तुझी नोकरी, बोलण्याचा हक्क, काही माझ्या मनात आलं नाही. एवढंच आलं, की माझ्यासाठी ह्यांच्यातल्या एकानेही हातातली पेन्सिल खाली ठेवली नसती.

आता हे पत्र का लिहिते, ते सांगते. शिक्षक संघटनेचे, म्हणजे तुझ्या बाजूचे, वकील पोमरॉय माझा जबाब घ्यायला आले होते, माझा वर्ग तुझ्या वर्गाला लागून म्हणून. ते म्हणाले, तू घरी बसून स्वतःच्या नावाने गावाच्या प्रश्नावर लिहिलंस. ते लोकांना कितीही झोंबलं तरी तेवढ्यावर तुला काढणं अवघड आहे. पण त्यापायी शाळेचं काम बंद पडलं हे मंडळाने दाखवलं, तर बाजू उलटते. मग त्यांनी विचारलं, "गुरुवारी तुमचा तास चालू होता ना?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एकदा झालं ते निभावून नेऊ. पुन्हा झालं तर समोरच्या वकिलाला तोंडही उघडावं लागणार नाही." आणि चित्रकलेच्या खोलीत नव्या शर्टांचे गठ्ठे आहेत, सोमवारी सकाळी पोरांना पुन्हा वर्गाबाहेर काढायला. तुला कळू न देता थक्क करायचा बेत आहे. मी कोरिनला समजावायला गेले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हर्ना, अजून जीव आहे ना त्याच्यावर? समजते मी." फोन केला तर तीच उचलते, म्हणून हे कागदावर. मी जळते म्हणून लिहिते असं तुला वाटेल. जळते मी. पण पोमरॉय जळत नाहीत, त्यांना विचार. सोमवारी संध्याकाळी बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतील आणि मी नाव दिलं आहे. सकाळी पोरं बाकांवर बसलेली असली, तर शाळा नीट चालू आहे एवढं सांगूनच मी तुझी बाजू मांडू शकेन. बाकं रिकामी असली आणि कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पोरं तिचं ऐकतात, ती तुझं ऐकते. आज रात्रीच तिला सांग, आणि हे माझ्याकडून कळलं असं सांगू नकोस, म्हणजे ती ऐकेल.

कोट सोडून बाकी सगळ्या बाबतींत अजून तुझीच,
व्हर्ना