पुढचा फर्मा

ता. ४ मार्च

चि. बाळास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मागे एकदा सकाळी मी खळ ढवळत होते आणि हे खिडकीपाशी फर्मे जुळवत बसले होते. कुणा प्राध्यापकाचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक बांधायला आलं होतं. आमची रीत तुला ठाऊकच आहे. शिवायच्या आधी सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा वाचायचा आणि त्यावर भांडायचं. जगाला कर्ता हवाच, असं लेखकाचं म्हणणं. मी म्हटलं, मग कर्त्याचा कर्ता कोण? ह्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, चर्चच्या पाळकाची लेक ना तू, बापाला विचारायचं होतंस. मी म्हटलं, विचारलं होतं, म्हणून तर तुमच्या घरी आले. एवढे हसलो की खळ खाली लागली. दिवसभर दुकानात करपट वास.

हे सगळं आज आठवलं ते पाथरवटामुळे. ह्यांच्या कबरीच्या दगडावर दोन नावांची जागा आहे. डावीकडे ह्यांचं नाव, उजवीकडे माझ्यासाठी कोरी. वर काही कोरू नकोस, असं मी बजावून आले होते. काल गेले तर म्हणाला, तुमचे भाऊ मधोमध क्रूस काढायला सांगून गेलेत. बाळ, तूही बाबांसारखा पाळक झालास, तुझा जीव तुटतो, हे मला कळतं. पण ज्या माणसाने जन्मभर पुराव्यापलीकडे पाऊल टाकलं नाही, त्याच्या डोक्यावर मेल्यानंतर क्रूस ठेवणं म्हणजे झोपलेल्याच्या अंगठ्याला शाई लावणं. मी काम थांबवलं आहे. उलट टपाली खुलासा कर.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढायला लावू नकोस, तुझी पुस्तकं तूच खाली आण.

लोभ रागाला पुरून उरतो, तसा उरू दे.
तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

हिचा गुडघा बरा आहे. पुस्तकं मी खाली आणली.

ताई, दवाखान्यातली ती दुपार आठव. तू धुतलेल्या चादरी आणायला घरी गेली होतीस. तुला भाऊजींनीच पाठवलं होतं. तुझी पाठ वळली आणि त्यांनी माझ्याकडे बाप्तिस्मा मागितला. मला वाटलं, नेहमीची थट्टा. मी म्हटलं, भाऊजी, कालपर्यंत मला तर्कात लोळवत होता, आज कुठला मुद्दा पटला? म्हणाले, एकही नाही. पुढचा फर्मा वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा आम्हा दोघांचा नियम. पण पुढचा फर्मा आता माझ्या हाती यायचा नाही. न वाचताच हो म्हणावंसं वाटतंय. मी औषधाच्या पेल्यात पाणी घेऊन विधी केला. मग म्हणाले, तिला सांगू नकोस. ती एक प्रश्न विचारील आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

मी शब्द दिला. तो मोडवेना आणि दगड तसाच राहू देववेना, म्हणून तुझ्यामागे पाथरवटाकडे गेलो. बाबा म्हणत, बुद्धी दारापर्यंत सोबत करते, आत एकट्यानेच जावं लागतं. भाऊजी तसे गेले, असं समज.

तुझ्या लोभाला पात्र राहिलो नसलो तरी तो मागतो.
तुझा बाळ


ता. १३ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्या-उभ्याच वाचलं. मग बसले.

चादरी घेऊन आले तेव्हा ह्यांचं कपाळ ओलं होतं. मी घाम समजून पुसलं. चांगलं खसखसून पुसलं आणि वर म्हटलं, खिडकी तरी उघडायची होती. तुम्ही दोघांनी मला पुसू दिलंत. हे हसले, तू खिडकी उघडलीस. त्यानंतरही हे माझ्याशी बोलत होते, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्याची नक्कल करत होते. ते सगळं मला आता परत आठवून पाहावं लागणार, एकेक वाक्य.

ह्यांनी विश्वास ठेवला याचा मला राग नाही. हरले असंही मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय हो म्हणायला छाती लागते, तेवढं मी वाचलेलं आहे. आत एकट्याने जावं लागतं, हेही मान्य. पण दारापर्यंत सोबत मी होते ना रे? मला चादरी आणायला धाडलं. मी प्रश्न विचारला असता, नक्की विचारला असता. उत्तर नाही म्हणाले असते, तर गप्प राहून पेला मीच धरला असता. इतक्या वर्षांत माझं एवढंही त्यांना वाचता आलं नाही.

तुझ्या देवापासून काही लपत नाही म्हणतोस. मग बायकोपासून लपून त्याच्याकडे कसं जाता येतं, ते मला सांग. प्रवचन नको.

वहिनीला जप. लोभाचं पुढे पाहू.
ताई

ता. क. हे पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी पाथरवटाकडे गेले. क्रूस कोर म्हटलं, पण मधोमध नको, डावीकडे, ह्यांच्या नावाच्या वर. दगड एकांगी दिसेल, म्हणाला. मी म्हटलं, दिसू दे.