घेतलं तेवढं ओतून या

आई,

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आता ऊन आमचं आंघोळीचं पाणी तापवतं. विजेचे गिझर कमी व्हावेत म्हणून सोलर बसवणाऱ्यांना सरकार सवलत देतं. तुला हे सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "आणि पावसाळ्यात रे?"

साताऱ्याच्या आपल्या दोन खोल्या, मागे न्हाणी, दाराशी तांब्याचा बंब. तू त्याच्या पोटात ढलप्या सारते आहेस आणि मी शेकत बसून शाळेतल्या कविता म्हणतो आहे. तुला अक्षरओळख नव्हती, पण मी एखादी ओळ गाळली की फुंकणी बाजूला ठेवून म्हणायचीस, "मधली कुठं गेली?" कवितेची चाल मला गुरुजींनी शिकवली, गोडी मात्र त्या धुरात लागली. बंबाचा तुझा नियम एकच. जेवढं कढत पाणी घेतलं तेवढं गार ओतून यायचं, मागच्याला मिळावं म्हणून. एकदा थोरले काका मुक्कामाला आले, मनसोक्त न्हाले आणि तसेच बाहेर आले. सगळं घर त्यांच्यापुढे मान खाली घालून असायचं. तू पदर सावरलास. "भावोजी, घेतलं तेवढं ओतून या. पोरं राहिलीत आंघोळीची." बाबा पंचा शोधायच्या निमित्तानं आत सटकले. काका कळशी उचलून मागे वळले. तुझा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. तुझ्याइतकं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

सोलरच्या वेळी सोसायटीनं ठरवलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच सवलतीसाठी अर्ज करायचा. तळमजल्यावरची, मूळची इथल्याच करावे नावाच्या गावातली बाई अडून बसली. तिचा नवरा पक्षाघातानं अंथरुणावर आहे. त्याला पुसायचं पाणी ती गॅसवर पातेल्यात तापवून नेते. म्हणजे खरी गरज तिचीच.

"टाकी वर, आमी खाली," ती म्हणाली. "वरचे बादल्या भरनार, आमच्या नळाला गारच येनार. सही कशाला करू?"

"ताई, टेन्शन नका घेऊ," वरच्या मजल्यावरचे साहेब मोबाइलमधून मान न काढता म्हणाले.

मी उठलो आणि तुझ्या बंबाची गोष्ट सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आता ढलप्या फोडायला लावताय काय?" सगळे हसले. ती हसली नाही.

"गोष्ट चांगली हाय काका. पन ऐकनार कोन?"

"मी आहे ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग तुमच्या शब्दावर करते."

कडक उन्हाच्या दिवसांत पाणी सगळ्यांना पुरतं. आभाळ आलं की वरचे साहेब फरशीसुद्धा त्याच पाण्यानं धुतात. मग जिन्यात ती भेटते. "काका, आज परत गार." मी तडक वर जातो, बेल वाजवतो. "बोला काका," ते म्हणतात. मी त्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतो आणि खाली उतरतो.

म्हणून ढगाळ दिवशी मी गार पाण्यानंच आंघोळ करतो. तेवढीच एक बादली खाली जाईल. आतून आवाज आला की सून विचारते, "बाबा, कुडकुडताय का?" कविता म्हणतोय, असं सांगतो.

माझ्या एका बादलीनं तिचं काही भागत नाही, हे मला कळतं. तिला हवा आहे तो दारात उभं राहून बोलणारा माणूस. हे पत्र कुठं जायचं नाही, तेव्हा लिहून टाकतो. त्या साहेबांची, आई, मला भीती वाटते.